अठराव्या वर्षाचा हप्ता कोण भरतो?

ब्रिटनमध्ये सतरा वर्षं पूर्ण झाली की गाडी चालवण्याचा परवाना मिळू शकतो. मूल त्या वयाचं झालं की तिथल्या घरांत एक हिशेब मांडला जातो आणि बहुधा तो सुटत नाही. जुनी, छोटी हॅचबॅक दोनेक हजार पौंडांत मिळते. तिचा वर्षाचा विमा मात्र कित्येकदा तिच्या किमतीच्याही वर जातो. २०२३च्या अखेरीस तिथले दर चढले होते, तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या चालकांना मिळणारं सरासरी कोटेशन तीन हजार पौंडांच्या आसपास पोहोचलं होतं. हॅरो किंवा स्लावमधल्या मराठी घरांतही हा प्रश्न येतो, आणि आई-वडिलांना तो जास्तच चक्रावून टाकतो, कारण ते ज्या देशातून आले तिथे असा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता पुण्याकडे पाहू. अठरा वर्षांच्या मुलीला परवाना मिळाला आणि तिने वडिलांची बाराशे सीसीची गाडी चालवायला घेतली. विमा कंपनीला तसं कळवण्याची गरज नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार एक हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर सुमारे ४,०३१ रुपये होतात, म्हणजे दिवसाला अकरा रुपये. वडील पंचवीस वर्षं एकटे गाडी चालवत होते तेव्हा जो दर लागला असता, तोच मुलगी चालवते तेव्हाही लागतो. उद्या तिचा धाकटा भाऊ परवाना घेऊन आला तरी त्यात बदल नाही.

मुलगी पुण्यात गाडी शिकली म्हणून तिच्या हातून अपघात होण्याची शक्यता कमी होत नाही. जोखीम दोन्हीकडे आहे, आणि जोखमीला किंमतही आहेच. ब्रिटनमध्ये ती मुलाच्या पॉलिसीवर छापून येते. आपल्याकडे ती कुठे जाते आणि कुणाच्या खिशातून भरली जाते, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

दोन आकड्यांचा गुणाकार

विमा कंपनीचं मूळ गणित साधं असतं. शंभर चालकांमागे वर्षाला दावे किती येतात हा पहिला आकडा. एक दावा सरासरी किती रकमेचा असतो हा दुसरा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे खर्च. त्यावर कार्यालयाचा खर्च, एजंटचं कमिशन आणि कर चढले की हप्ता तयार होतो.

तरुण चालकांच्या बाबतीत हे दोन्ही आकडे मोठे निघतात. अमेरिकेत १६ ते १९ वयाच्या चालकांचं, गाडी जितके मैल चालते त्या प्रमाणात, जीवघेण्या अपघातांचं प्रमाण वीस वर्षांवरील चालकांच्या जवळपास तिप्पट आहे. हा झाला पहिला आकडा. दुसरा वाढतो तो अपघाताच्या स्वरूपामुळे. पन्नाशीतला माणूस पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना खांबाला बंपर घासतो. तरुणांचे गंभीर अपघात बऱ्याचदा रात्री होतात, वेगात होतात, आणि गाडी समवयस्कांनी भरलेली असते. त्यातून वाचलेला विशीतला जखमी पुढची पन्नास वर्षं कुणाच्या तरी आधाराने जगणार असेल, तर त्याच्या शुश्रूषेचा खर्च विमा कंपनीला तितकी वर्षं द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये न्यायालयं अशी भरपाई दरवर्षीच्या हप्त्यांच्या रूपात, जखमीच्या आयुष्यभरासाठीही मंजूर करू शकतात.

यात वयाचा दोष किती आणि अननुभवाचा किती, हा वाद जुना आहे. शिकाऊ असताना, शेजारी मोठं माणूस बसलेलं असताना, तरुणांचे अपघात फार कमी होतात. पक्का परवाना हाती येतो आणि शेजारची सीट रिकामी होते, तेव्हा आलेख एकदम वर चढतो आणि पुढच्या काही महिन्यांत झपाट्याने खाली येतो. यात अनुभवाचा वाटा उघड दिसतो. पण चाळिसाव्या वर्षी नव्याने गाडी शिकणाऱ्याचा आलेख अठराव्या वर्षी शिकणाऱ्याइतका उंच जात नाही, म्हणजे वयाचाही वाटा उरतोच.

तो वाटा कशाचा, याचा शोध घेणारा एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातले मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला लावला. पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे जायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. एकटं असताना तिन्ही गट जवळपास सारखेच वागले. मित्र शेजारी येऊन बसले की किशोरांचा धोका पत्करण्याकडचा कल एकदम वाढला, तरुणांचा थोडा कमी वाढला, आणि प्रौढांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. धोका कळत नाही म्हणून तरुण तो पत्करतात, हा समज त्यामुळे मागे पडला. धोका त्यांना कळतो. बघणारे कुणी असले की त्याचं वजन कमी होतं.

न्यूझीलंडने हे सगळं शास्त्र येण्याआधीच ओळखलं होतं. १९८७ मध्ये तिथे टप्प्याटप्प्याने मिळणारा परवाना सुरू झाला. शिकाऊ परवाना आणि पूर्ण परवाना यांच्यामध्ये एक मर्यादित परवाना आला. त्या काळात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही आणि अनुभवी माणूस सोबत नसेल तर इतरांना गाडीत घ्यायचं नाही. पुढे कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या बहुतेक प्रांतांनी अशीच पद्धत स्वीकारली.

आपल्याकडे हा मधला टप्पा नाही. शिकाऊ परवाना काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. सकाळी आरटीओत पास झालेला मुलगा त्याच रात्री चार मित्रांना घेऊन खंडाळ्याचा घाट उतरू शकतो, आणि कायदा त्याला अडवत नाही. त्याचा विम्याचा हप्ताही त्याला अडवत नाही.

ब्रिटन: चालकाचा विमा

ब्रिटनमध्ये १९३०च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने वाहनाचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. मात्र तिथे हप्ता ठरवण्याचं काम बाजारावर सोडलेलं आहे. अर्जात चालकाचं नाव, वय, परीक्षा पास झाल्याची तारीख, व्यवसाय, घराचा पोस्टकोड, रात्री गाडी कुठे उभी असते आणि वर्षात किती मैल चालेल, हे सगळं भरावं लागतं. प्रत्येक मॉडेल १ ते ५० पैकी एखाद्या गटात बसवलेलं असतं. नवीन चालक पहिल्या-दुसऱ्या गटातली लहान गाडी शोधतात, कारण गट जसा चढतो तसा हप्ता चढतो. सगळ्यांवर १२ टक्के विमा कर असतो. ज्यांची नावं पॉलिसीवर आहेत, साधारणपणे त्यांनीच गाडी चालवायची. शेजाऱ्याने सहज चावी घेतली तर त्याच्यासाठी वेगळा विमा लागतो.

अशा व्यवस्थेत पळवाटा निघणारच. सगळ्यात प्रचलित पळवाट अशी, की गाडी रोज मुलगा चालवतो, पण मुख्य चालक म्हणून आईचं नाव लावायचं आणि मुलाला कधीमधी चालवणारा म्हणून दाखवायचं. तिथे याला फ्रंटिंग म्हणतात आणि कंपन्या ते फसवणूक मानतात. उघडकीस आलं तर दावा नाकारला जाऊ शकतो आणि पॉलिसी रद्द होऊ शकते. त्याच्या अगदी उलट, मुलाच्याच पॉलिसीवर अनुभवी आईचं नाव प्रामाणिकपणे दुसरी चालक म्हणून घातलं, तर हप्ता बऱ्याचदा कमी होतो.

दुसरी वाट तंत्रज्ञानाची. गाडीत एक पेटी बसवायची. ती वेग, ब्रेक कसा लावला, वळण कसं घेतलं, गाडी दिवसा चालली की रात्री, हे नोंदवते. तिथे तिला ब्लॅक बॉक्स म्हणतात. नॉर्विच युनियन कंपनीने २००६ मध्ये जितकी गाडी चालेल तितका हप्ता अशी योजना बाजारात आणली, पण पुरेसे ग्राहक न मिळाल्याने ती लवकरच गुंडाळली. पुढे एका न्यायालयीन निकालाने बाजार बदलला.

तोपर्यंत ब्रिटनमधल्या कंपन्या तरुण मुलींना मुलांपेक्षा बराच कमी हप्ता लावत, कारण त्यांचे गंभीर अपघात कमी होत. १ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या टेस्ट-आशा या ग्राहक संघटनेच्या प्रकरणात निकाल दिला, की विम्याचा दर स्त्री-पुरुष भेदावर ठरवता येणार नाही. २१ डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला. एका रात्रीत कंपन्यांच्या हातून दर ठरवण्याचं एक मोठं साधन गेलं आणि सावध मुलींचा तोटा झाला. त्यानंतरच्या वर्षांत तरुणांसाठीच्या ब्लॅक बॉक्स पॉलिसी झपाट्याने वाढल्या. मुलगी म्हणून सवलत मिळणार नसेल, तर सांभाळून चालवते म्हणून मिळवायची, असा हा व्यवहार होता. किंमत मात्र अशी, की एकोणीस वर्षांच्या मुलाचा प्रत्येक ब्रेक आणि रात्रीचं प्रत्येक परतणं कुणाच्या तरी सर्व्हरवर नोंदलं जातं.

तिथे नव्याने गेलेल्या मराठी माणसाला या व्यवस्थेचा वेगळाच चटका बसतो. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये बारा महिने गाडी चालवता येते. पण इथे दहा वर्षांत एकही दावा न करता कमावलेला बोनस तिथल्या बहुतेक कंपन्या धरत नाहीत. तिशीतल्या अभियंत्याची गणना विम्याच्या खात्यात नवशिक्याच्या जवळपास होते, आणि ज्या माणसाने कर्वे रोडवर रोज गाडी काढली त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

भारत: गाडीचा विमा

१९३९ हे वर्ष या कथेत दोनदा येतं. त्या वर्षी अमेरिकेत ऑलस्टेट कंपनी चालकाचं वय, गाडीचा वापर आणि मैल पाहून दर लावू लागली. त्याच वर्षी भारतात मोटार वाहन कायदा झाला. त्यातली सक्तीच्या विम्याची तरतूद १९४६ पासून अमलात आली. पुढे १९८८च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये ती कायम राहिली.

दोन्हीकडच्या विचारांतला फरक मुळातच होता. ऑलस्टेटला आपला ग्राहक नेमका ओळखायचा होता. भारतीय कायद्याला रस्त्यावरून चालणारा माणूस वाचवायचा होता. पायी जाणाऱ्याला उडवणारा चालक कोण होता, याचा शोध घेत त्याच्या कुटुंबाने बसायचं का? म्हणून विमा गाडीला जोडला गेला. पॉलिसीत चालकाविषयीचा जो मजकूर असतो, त्याची सुरुवातच कोणतीही व्यक्ती अशा शब्दांनी होते. तिच्याकडे वैध परवाना हवा, एवढीच अट. शिकाऊ परवाना असणाराही चालतो, फक्त त्याने मागेपुढे एल लिहिलेला असावा आणि शेजारी परवानाधारक शिकवणारा बसलेला असावा.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो खासगी गाडीच्या इंजिनच्या क्षमतेवर अवलंबून असतो. हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजारापर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. दुचाकीला ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये आणि १५० सीसीपर्यंत ७१४. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर, नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. इंजिनची क्षमता वाढली की दर वाढतो. चालकाचं वय यात कुठेच नाही.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र १ जानेवारी २००७ पासून खुला झाला. त्याआधी त्याचाही दर ठरलेला असे. देशाचे दोन विभाग केलेले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही शहरं पहिल्यात, बाकी सगळा देश दुसऱ्यात. त्यामुळे कोल्हापूरच्या गाडीचा दर पुण्याच्या गाडीपेक्षा किंचित कमी असे. दर खुले झाल्यावरही कंपन्या प्रामुख्याने गाडीचं मॉडेल, तिचं वय, शहर आणि आधीचे दावे बघतात. पुण्यातल्या एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर थोडी सूट मिळते. गाडी चालवणारा मुलगा सावध आहे म्हणून सूट मिळायची सोय बराच काळ नव्हती.

मग पुण्यातल्या त्या मुलीची जोखीम कुणी भरली? दर गाडीला सारखा असल्याने ती सगळ्यांत वाटली गेली. गावजेवणाची वर्गणी घरटी सारखीच असते, मग कुणाच्या घरात तीन खवय्ये असोत की एक पथ्यावरचा म्हातारा, त्यातलाच हा प्रकार. रविवारी भाजी आणायला गाडी काढणारे निवृत्त शिक्षक ३,४१६ रुपये भरतात, आणि त्यातला काही भाग दर शनिवारी लोणावळ्याला जाणाऱ्या विशीतल्या तरुणांच्या खात्यावर पडतो. शिक्षकांना ते कधी कळत नाही, कारण कुठल्याही पावतीवर तसं लिहिलेलं नसतं.

यावर घाईने नाराज होण्याआधी दुसरी बाजू पाहायला हवी. भारतात रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमा नाही असा अंदाज आहे, आणि त्यात बहुसंख्य दुचाक्या आहेत. ७१४ रुपये भरायला नाखूश असणाऱ्या मुलाला वय पाहून दोन-अडीच हजार मागितले, तर तो विमाच काढणार नाही. मग त्याने ज्याला उडवलं, त्या भाजीविक्रेत्याच्या कुटुंबाला काहीच मिळणार नाही. सारखा आणि कमी हप्ता हा अशा रीतीने पादचाऱ्याचाही बचाव करतो. ब्रिटनमध्येही विमा न काढता गाडी हाकणारे आहेत. त्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई १९४६ मध्ये स्थापन झालेली मोटार इन्शुरर्स ब्युरो देते आणि तिचा खर्च विमा भरणाऱ्या सगळ्यांच्या हप्त्यांतून वसूल होतो. वाटणी पूर्णपणे कुठेच टळत नाही.

वय विचारलं जातं, पण शेवटी

भारतीय व्यवस्थेत वयाचा प्रश्न येतच नाही असं मात्र नाही. तो हप्ता भरताना येत नाही, अपघातानंतर न्यायाधिकरणात येतो, आणि तिथे विचारलं जातं ते मृताचं वय.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात भरपाई मोजण्याचा तक्ता घालून दिला. मृताचं वर्षाचं उत्पन्न काढायचं, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा भाग वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. १५ ते २५ वयासाठी गुणक १८ आहे, ३६ ते ४० साठी १५, ५६ ते ६० साठी ९, आणि ६६ ते ७० साठी ५. २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात पुढे वाढू शकणाऱ्या कमाईची भर किती घालायची हे निश्चित झालं.

समजा, बावीस वर्षांच्या, अविवाहित, महिना २५,००० रुपये ठरावीक पगारावर काम करणाऱ्या मुलाचा मृत्यू झाला. वर्षाची कमाई तीन लाख. चाळीस टक्के भर घातली की ४ लाख २० हजार. अविवाहित म्हणून निम्मी रक्कम त्याच्या स्वतःच्या खर्चाची धरून वजा केली, उरले २ लाख १० हजार. त्याला १८ ने गुणलं की ३७ लाख ८० हजार रुपये. अंत्यसंस्कार आणि इतर ठरावीक रकमा त्यावर वेगळ्या. दीड हजार सीसीपर्यंतच्या सुमारे अकराशे गाड्यांचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता एका मृत्यूच्या भरपाईत संपतो.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयातली होती. म्हणजे ज्या वयाचा गुणक सगळ्यात जड, त्याच वयाची माणसं सगळ्यात जास्त मरतात. तरुण चालक बहुधा तरुणांसोबत असतो आणि त्याच्या हातून जाणारे जीवही पुष्कळदा तरुणांचेच असतात. हप्ता ठरवताना न विचारलेलं वय भरपाईच्या हिशेबात असं परत येतं.

घरातल्या पॉलिसीत राहिलेल्या फटी

गाडीचा विमा सगळ्यांना सामावतो असा समज या व्यवस्थेमुळे घराघरांत पक्का झालेला आहे. तो निम्माच खरा आहे.

पहिली फट खुद्द चालवणाऱ्या मुलाची. सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्यात १५ लाख रुपयांचं संरक्षण असतं, पण ते मालक-चालकाला. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि मुलगा चालवत असताना त्याच्याच चुकीने तो गेला, तर ते १५ लाख त्याच्या घराला मिळत नाहीत. थर्ड पार्टीतूनही मिळत नाहीत, कारण दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा हा मालकाच्या जागी उभा असतो, तिसरा पक्ष ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा प्रकरणात सांगितलं. यावरचा उपाय स्वस्त आहे. पॉलिसी घेताना मुलाच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा जोडून घ्यायचा किंवा त्याच्यासाठी तो स्वतंत्र काढायचा.

दुसरी फट मागे बसलेल्या मित्रांची. खासगी गाडीची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे निकाल आहेत. थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या नुकसानीचाही भाग असलेल्या पॅकेज पॉलिसीत मात्र गाडीतले प्रवासी धरले जातात, हे विमा नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केलं. गाडी जुनी झाली म्हणून पैसे वाचवायला थर्ड पार्टीवर आलेल्या घरांनी हे ध्यानात घ्यायला हवं, कारण कॉलेजच्या मुलांच्या हाती बहुधा अशीच जुनी गाडी दिली जाते.

तिसरी फट परवान्याची आणि ती सगळ्यात खोल आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून अपघात केला तर पीडिताला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालयं कंपनीला देत आली आहेत. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालाने ती दिशा घालून दिली. वरचे ३७ लाख ८० हजार तेव्हा वडिलांच्या खात्यातून जाऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या अपघातानंतर या कलमाची चर्चा घरोघरी पोहोचली, कारण गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता.

चौथी गोष्ट फट नव्हे, छुपा हप्ता आहे. दावा न केल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के असतो. तो फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळतो. समजा, त्या भागाचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि वडिलांना ५० टक्के बोनस मिळतोय, म्हणजे ते ६,००० भरतात. मुलाने दार घासलं, आठ हजारांचं बिल आलं आणि दावा केला. पुढच्या वर्षी १२,०००, मग ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६००, आणि मग पुन्हा ६,०००. पाच वर्षांत १५,००० रुपये जास्त गेले. गाडीची विमा किंमत दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्षात आकडा यापेक्षा थोडा कमी येईल, तरी आठ हजारांचा दावा तोट्याचाच ठरतो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो मुलाच्या नावाने फिरवता येत नाही, वारशानेच येऊ शकतो. मुलाने स्वतःची गाडी घेतली की तोही शून्यापासूनच सुरू करतो.

न्याय्य दर कुठला?

वयावरून दर लावणं न्याय्य आहे का, यावर जगात एकमत नाही. अमेरिकेच्या हवाई राज्यात वाहन विम्याचा दर वयावरून किंवा लिंगावरून ठरवायला बंदी आहे. कॅलिफोर्नियाने १९८८ मध्ये मतदानाने मंजूर केलेल्या प्रस्ताव १०३ नुसार सर्वाधिक वजन चालकाच्या स्वतःच्या रेकॉर्डला, मग वर्षाच्या मैलांना, मग चालवण्याच्या अनुभवाच्या वर्षांना द्यायचं असतं. वयाविरुद्धचा युक्तिवाद सोपा आहे. सावध चालवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने त्याच वयाच्या, कधी न पाहिलेल्या मुलांच्या बेफिकिरीचे पैसे का भरायचे? त्याला उत्तरही आहे. वय वाढतंच, त्यामुळे जास्त दराचा भार प्रत्येकावर काही वर्षं पडतो आणि उतरतो. जातीवरून किंवा लिंगावरून लावलेला दर तसा आपोआप उतरत नाही.

भारतही जागचा हलू लागला आहे. २०२१ च्या जानेवारीत विमा नियामकाच्या कार्यगटाने वाहतूक नियम मोडणाऱ्यांवर वेगळा हप्ता लावावा आणि तो आधी दिल्ली परिसरात प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावा, असं सुचवलं. जुलै २०२२ मध्ये नियामकाने जितकी चालवाल तितका आणि जशी चालवाल तसा हप्ता, अशा दोन जोडण्यांना परवानगी दिली. दोन्ही स्वतःच्या नुकसानीच्या भागापुरत्याच आहेत. थर्ड पार्टीचा दर अजूनही इंजिनकडेच पाहतो.

माझ्या मते तो तसाच राहावा. पादचाऱ्याच्या संरक्षणाची किंमत चालकाच्या वयावर अवलंबून ठेवली तर विमा नसलेल्या गाड्या वाढतील. पण खुल्या भागात ब्रिटनच्या चुकीची नक्कल करू नये. जन्मतारखेला हप्ता लावण्यापेक्षा चलन, दावे आणि गाडी चालवण्याची नोंद यांना लावावा. तशी नोंद जमायला लागली तर पुण्यातल्या त्या मुलीला पाच वर्षांनी स्वतःची गाडी घेताना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. वडिलांच्या गाडीवर काढलेली बिनअपघाताची वर्षं आज कुठेच मोजली जात नाहीत, आणि भारतीय पद्धतीतला तरुणांवरचा खरा अन्याय तो आहे.

तोवर हप्ता आपल्या मुलांना काहीही शिकवणार नाही, हे घरांनी गृहीत धरावं. हॅरोमधला मुलगा रात्री अकराला गाडी काढताना पेटीचा विचार करतो. आपल्याकडे तो विचार घालून द्यायला पेटी नाही, मधला परवाना नाही आणि महाग पॉलिसीही नाही. न्यूझीलंडने १९८७ मध्ये कायद्याने केलं ते घरी नियम म्हणून करता येतं. पहिले सहा महिने रात्री दहानंतर गाडी नाही, एकापेक्षा जास्त मित्र नाहीत, आणि मुलाच्या नावाने अपघात विमा काढल्याशिवाय चावी नाही. यातल्या शेवटच्या नियमाला तेवढे थोडे पैसे लागतात.